पंपघरामागची खोली

अर्धी वाट मागे पडली तशी भाऊजी थांबले आणि म्हणाले, "वहिनी, इथून तुम्ही पुढे चाला. मी मागून येतो."

"अहो, वाट तुमच्या ओळखीची. माझ्या नाही."

"म्हणूनच तर."

मी पुढे झाले. डाव्या हाताला छातीइतका उंच लोखंडी पाइप आमच्याबरोबर चालला होता. एके काळी यातून सगळ्या शहराचं पाणी जायचं, आता तो कोरडा पडलाय. भाऊजींनी जाता जाता त्यावर टिचकी मारली. पोकळ आवाज पार पुढपर्यंत गेला. त्यांनी चटका बसल्यासारखा हात खिशात घातला.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. बाजारात त्यांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की "हनुवटी खाली, अजून थोडी, हं, आता श्वास सोडा" असं इतक्या मायेनं सांगतात, की सगळा बाजार त्यांना हनुवटीवालेच म्हणतो. लग्न केलं नाही. स्थळं सांगून यायची तेव्हा म्हणायचे, "आमच्या घरचं डोकं मला माहीत आहे. दुसऱ्याच्या लेकीच्या गळ्यात कशाला बांधू?" माझे सासरे भाऊजींच्या आत्ताच्या वयाचे असताना भ्रमिष्ट झाले होते. मी लग्न होऊन आले तेव्हा ते नव्हते, आणि घरात त्यांचा विषय कुणी काढत नसे.

मागच्या वर्षी भाऊजींनी एका माणसाच्या पाकिटात दुसऱ्याच्या बायकोचे फोटो घालून दिले. बाजाराला हसायला निमित्तच मिळालं. "हनुवटीवाले, आमचीही बदलून द्या की!" भाऊजीही हसले, पण त्या दिवसापासून त्यांच्या पोटात भीती बसली. मग दुकानाचं शटर उघडंच राहिलं. मग एकदा जेवून हात धुऊन आले आणि मला म्हणाले, "वहिनी, पानं घ्यायची का?" मी काही बोलायच्या आधी त्यांचा हात मिशीला गेला, तिथे ताकाचा थेंब होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर हे फोटो सुरू झाले. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन लहानपणच्या जागा धुंडाळत जायचे. शाळेतला रिकामा वर्ग, दवाखान्यातलं बाकडं, बंद पडलेलं न्हाव्याचं दुकान. फोटोत माणूस एकही नाही. मला वाटलं, बरं झालं, जीव रमवायला छंद लागला. पण घरी आल्यावर ते फोटो आमच्या ह्यांच्यापुढे, म्हणजे त्यांच्या दादापुढे ठेवायचे. "दादा, या फळ्याखाली भगदाड होतं ना?" हे "होतं" म्हणाले की भाऊजींच्या घशाखाली घास उतरायचा. म्हणजे भाऊजी आपल्याच डोक्याची परीक्षा घेत होते आणि पेपर तपासायला थोरल्या भावाला बसवलं होतं.

सगळीकडे पास झाले. एका खोलीपाशी अडलं.

सासरे पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर होते, राहायला क्वार्टरही तिथेच. भाऊजी तेव्हा अगदी लहान. त्यांना आठवायची पंपघरामागची एक खोली. हिरवी भिंत, वर जाळीचा झरोका, आणि दाराखालच्या फटीतून दिसणारी कुणाच्या तरी पायांची बोटं.

"तिथे नुसती भिंत आहे," हे म्हणाले. "खोली कधीच नव्हती."

"दादा, मला बोटं दिसतात रे."

"बाबांनाही दिसायचं. नसलेलं." एवढं बोलून हे भरल्या ताटावरून उठले, आणि दुसऱ्या दिवशी भाऊजींसाठी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन आले.

म्हणून आम्ही दोघं ह्यांना न सांगता निघालो होतो. खोली असली तर भाऊजींचं डोकं ठिकाणावर. नसली तर, त्यापुढचं आम्ही दोघंही बोलत नव्हतो. पाइपाच्या कडेनं चालताना माझं एकच मागणं चाललं होतं, देवा, ती खोली असू दे. पडकी असू दे, पण असू दे.

पंपाच्या आवारात एक म्हातारा पहारेकरी किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसला होता.

"रिकाम्या खोल्यांचे फोटो? करायचेत काय?"

"बघायचेत," भाऊजी म्हणाले.

"मग माझाही काढा. मीही रिकामाच आहे."

मी हसले. भाऊजींना हसता आलं नाही.

आधी क्वार्टर पाहिलं. काळोख्या खोलीत कोऱ्या भिंतीवर कॅमेऱ्याचा फोकस बसत नाही, त्याला धरायला काहीतरी लागतं. म्हणून भाऊजी मला पांढरा रुमाल हातात देऊन उभं करायचे, फोकस बसला की "व्हा बाजूला" म्हणायचे आणि मग बटण दाबायचे. स्वयंपाकघरात म्हणाले, "जरा डावीकडे, वहिनी. आई तिथेच उभी असायची." मी बाजूला झाल्यावरही ते बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिले.

मग पंपघर. यंत्रं कधीच उचलून नेलेली, जमिनीतून नुसते गंजके बोल्ट वर आलेले. मागच्या बाजूला गेलो. तिथे खरंच भिंत होती. तिला टेकवून ठेवलेले चार पत्रे, बाकी काही नाही.

"दादा बरोबर होता," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज पोरासारखा झाला होता. मी त्यांचं मनगट धरलं.

पहारेकऱ्यानं विचारलं, "कोठडी हवीय का तुम्हाला? मग तसं सांगा की!" आणि पायानं पत्रे सरकवले. मागे दार होतं. त्यानं कडी काढून ते उघडलं.

"आहे! वहिनी, आहे!" भाऊजी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही वर बघून हात जोडले. आत हिरवी भिंत होती, वर जाळी होती. मी रुमाल घेऊन आत शिरले. भाऊजी दारात उभे राहून फोकस बसवू लागले.

पहारेकऱ्याला आम्ही कोण, ते कुठे ठाऊक? तो बाहेरून बोलत राहिला. "मी तेव्हा इथे हेल्पर होतो. आमचा ऑपरेटर डोक्यानं गेला हो. वर कळलं तर नोकरी जाईल, क्वार्टर जाईल. म्हणून पंप मी चालवायचो आणि घरचे दिवसा त्याला इथे कोंडायचे. पंप चालू असला की ओरडणं कुणाला ऐकू जात नसे. बायकोचे हात कापायचे, तिच्यानं कडी लागत नसे. थोरला पोरगा लावायचा. शाळकरी पोर ते. कडी लावायचा आणि तिथेच पंपामागे कान दाबून बसायचा."

मी आत उभी होते, रुमाल हातात. समोर उघडं दार. त्याला आतून धरायला काहीच नव्हतं, साधी मूठही नव्हती. "व्हा बाजूला" हे शब्द येईनात. देवाकडे मागितलं ते त्यानं जसंच्या तसं दिलं होतं. आता काय मागावं, मला सुचेना. इतकी वर्षं ज्यांच्या शेजारी निजले, त्यांचं शाळकरी वयातलं तोंड माझ्यापुढे आलं.

शेवटी मीच बाहेर आले. बटण दाबल्याचा आवाज झाला. पहारेकरी फाटकाची किल्ली शोधत पुढे गेला.

भाऊजींनी कॅमेऱ्याला झाकण लावलं. खोली सापडल्याचा आनंद तोंडावरून पार पुसला गेला होता. "आज आठवलं ते खरं निघालं," ते हळू म्हणाले. "उद्याचं कोण सांगणार? डॉक्टरकडे मी जातो. हा फोटो दादाला दाखवायचा नाही."

"नाही दाखवणार."

ते दाराकडे बघत होते. कडीला हात लावायचा त्यांना धीर होत नव्हता.

"अजून एक ऐका, वहिनी. माझ्यावर ती वेळ आलीच, तर कडी तुम्ही लावा. दादाला लावायला सांगू नका."