फौजदाराचा कान

फौजदार तिसऱ्यांदा माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर उभा होता. फौजदार म्हणजे सास्तूरच्या विश्वनाथअप्पांचा शेतावरचा कुत्रा. मान वाकडी, आणि उजव्या कानाला हात लावू देईना. शेवटी तोंडाला पट्टी बांधली. पंधरा दिवस मी ड्रॉप्स देत होते आणि कान होता तसाच. लाल, ओला, आंबूस वासाचा. माझं डोकं तापलं होतं.

अप्पांची सून सुनीता बरोबर आली होती.

"मॅडम, परवा ह्यानं माझ्या पोरीवर दात इचकलं. धा दिसांवर येळवस आली. पाव्हणं, लेकरं समदी शेतात जेवायला येणार. तवर बरा झाला न्हाय, तर ह्याला दुसरीकडं देऊन टाकायचा."

अप्पा नुसते कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला फार वाईट वाटलं.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, पाइपाच्या एल्बोसारखी. ओल आत अडकली की बुरशी माजते. मायक्रोस्कोपखाली पाहिलं, बुरशी जशीच्या तशी. आता औषध बदलावं म्हणून कान पुसायला घेतला. कापूस तेलकट निघाला. वर लसणाचा खमंग वास.

"अप्पा, ह्याच्या कानात फोडणी कुणी घातली?"

"फोडणी न्हाय जी. लसणाचं तेल. म्याच घालतो, तुमच्या दव्याच्या आधी रोज. कान कोरडा पडू नये म्हणून."

"अहो, मला कोरडाच पाहिजे होता तो! आधी सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलं, ड्रॉप्स घालता का? म्या म्हणलं व्हय. तेलाचं कुठं इचारलं?"

तेलाच्या थराखाली माझं औषध पोचतच नव्हतं आणि ओल हटत नव्हती. मी कान स्वच्छ धुतला, पडदा शाबूत असल्याची खात्री केली आणि औषध तेच ठेवलं. तेलाची वाटी सुनीतानं आपल्या ताब्यात घेतली.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, अप्पांनी मला शेतावर जेवायला बोलावलं. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीजवळ पंगत बसली होती. सुनीताची मुलगी फौजदाराचा उजवा कान उलटा करून आत डोकावत होती.

"मॅडम, वास न्हाय येत आता!"

फौजदार शेपूट हलवत बसून होता. सुनीतानं त्याच्यापुढं बाजरीच्या पिठाचा उकडलेला उंडा ठेवला, आणि अप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले.

गार वारं सुटलं होतं. मी कानावर ओढणी घेतली, तसे अप्पा लगबगीनं उठले. "कान दुखतोय व्हय? बसा, तेल कडवून आणतो."

दुसऱ्या दिवशी मी केसपेपरवर 'औषध घालता का?' याच्या खाली एक ओळ वाढवली: 'आणखी काय काय घालता?'