पाच चांदण्यांचा बल्ब

आबांना फौजेतून घरी येऊन बरीच वर्षं झाली, पण नियमाचा नाद सुटला नाही. शेतातली मोटर चालू करायला गाडीवरून जातानाही डोक्याला हेल्मेट. पिवळे बल्ब वीज खातात, एलईडी लावा, असं टीव्हीवर ऐकलं आणि कराडला जाऊन त्यांनी घरापासून गोठ्यापर्यंतचे सगळे दिवे बदलले. खोक्यावर पाच चांदण्या असतील तोच बल्ब घ्यायचा. आम्ही हसायचो. पुढच्याच थंडीत आई गेली आणि घरातलं हसणंच आटलं.

आईच्या मागे तिची एक कोंबडी राहिली होती. आबांनी ती अंड्यावर बसवली. पिल्लं निघाली, पण दोन दिवसांत मुंगसानं कोंबडी नेली. आबांनी मला मलकापूरला फोन केला. आवाज घाबरलेला होता. "तुझ्या आईची येवढीच निशाणी हाय गं. आता ही पोरकी कशी जगवू?" सकाळी पहिल्या एसटीनं येते, मी म्हणाले.

मी पोचले तेव्हा ते घरामागच्या परड्यात, कोंबड्या झाकायच्या डालग्यापाशी बसले होते. डालग्यात बल्ब लख्ख जळत होता आणि खाली पिल्लं एकमेकांवर चढून पडलेली. दोन तेवढी हलत होती, बाकी सगळी मेली होती.

"तुझी आई असाच दिवा सोडायची की," आबा म्हणाले. "उजेडाला मांजर येत न्हाई म्हनून. मी तर नवा, लय उजेडाचा लावला."

मी बल्बखाली हात धरला. ऊब नव्हतीच. आई पिवळा बल्ब लावायची तो उबेसाठी, आणि आधी हाताची पाठ त्याखाली धरून बघायची. आबा तेव्हा सीमेवर असायचे, सुट्टीत आले तर नुसता दिवा बघायचे; ते कायमचे घरी आल्यावर तिनं कोंबडी बसवलीच नव्हती. त्यांना कोण सांगणार होतं? मलाही फोनवर सुचलं नाही.

मी पिवळ्या बल्बसाठी गावातल्या दुकानात पळाले. दुकानदार म्हणाला, "त्यो बल्ब आता कोन ठेवतंय, ताई?" परत आले तर आबांनी दोन्ही पिल्लं स्वेटरच्या आत छातीशी धरली होती. चूल पेटवते म्हटलं, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. दुपारपर्यंत ते तसेच बसून होते. स्वेटरमधली चिवचिव कधीच थांबली होती. मला ते कळत होतं, त्यांनाही कळलं असणार. पण त्यांना हात काढवेना आणि मलाही काढा म्हणवेना.

मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेवटी शेवटी तुझी आई थंडी वाजतीया म्हनायची. मी थर्मामीटर लावायचो. ताप न्हाई तुला, गप पड, म्हनायचो."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"पोरी, तिच्या अंगाला हात लावून मी एकदाबी बघितलं न्हाई."