मावशीच्या दातांचा बडग्या

अन्याय माझ्या मावशीवर झाला. कधी? गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, इतवारीत, मारबतीच्या मिरवणुकीत. कोणी केला? मी. पत्रकं काढून साऱ्या जगाला जाब विचारणारी मीच.

गावाची इडापिडा घेऊन जाणारी मारबत म्हणजे एक मोठी पुतळी; तिच्यासोबत नागपुरात बडगे निघतात. ज्याचा राग, त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, शिव्या घालत फिरवायचा आणि शेवटी जाळायचा. आमच्या गटाने खर्ऱ्याचा, म्हणजे आमच्याकडच्या तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा, बडग्या केला. तोंड वासलेला, दातांवर तपकिरी डाग. रंगवायला नमुना म्हणून मी फोनमधला मावशीचा फोटो दिला. तिचा कोपरा उडालेला पुढचा दातही पोरांनी हुबेहूब उतरवला. वर तोच फोटो, नुसत्या तोंडाचा, पत्रकावर छापला: ‘खर्रा खाल, तर असे दात पाहाल!’ काय जोरदार ओळ वाटली होती मला!

मावशीने जन्मात खर्रा खाल्लेला नाही. पण ती लपून खाते, असं घरात सगळेच धरून चालले होते. आई म्हणायची, “घासतच नाही ती.” आईचे स्वतःचे दात शुभ्र, त्यामुळे तिचं म्हणणं कोणी खोडत नसे. मी मावशीला विचारलंसुद्धा नाही. दिसतंय की, विचारायचं काय!

कोणाचा तरी चिवडा त्या पत्रकात बांधून भिवापूरकडे, मावशीच्या गावात पोचला. दिवाळीनंतर बाया मिरचीचे देठ खुडायला बसल्या होत्या. पुडी सुटली, दात ओळखले गेले. मावशीचा फोन आला.

“काहून वं, माह्ये दात जाळले तू?”

ती हसत होती. मग म्हणाली, “आता हसताना पदर धरा लागते. बाया म्हणतात, थुंक पहिले, मंग हास.”

मावशीचं हसणं दोन शेतं ओलांडून ऐकू येतं. त्यावर आता पदर! मी गटाला सगळं सांगितलं.

आमच्या गटात भूगर्भशास्त्र शिकणारा एक मित्र आहे. त्याने तो फोटो पुन्हा नीट पाहिला आणि एकच विचारलं, “गावात पाणी कुठलं पितात?” दुसऱ्याच रविवारी मी त्याला घेऊन मावशीकडे गेले. आईही आली. मित्राच्या खिशात बोटाएवढा हिरवट, सहा बाजूंचा खडा होता, कन्हान नदीच्या पलीकडच्या मॅंगनीजच्या पट्ट्यातला.

“मावशी, हे कॅल्शियम फ्लुओरोफॉस्फेट. असल्या खनिजांचे बारीक कण खडकात असतात. खोल बोअरचं पाणी त्यातून झिरपताना फ्लोराइड घेऊन येतं. थोडं असलं तर दात पक्के होतात, म्हणून टूथपेस्टीत घालतात. पण दात घडायच्या वयात रोज जास्त गेलं, तर डाग पडतात. कितीही घासा, जात नाहीत. सुपर फॉस्फेट खतही याच जातीच्या दगडापासून करतात.”

“म्हंजे मिरचीले टाकते तो दगड माह्या तोंडात आधीपासूनच हाये?” मावशी म्हणाली. “मंग तोंडात मिरचीच लागाले पाह्यजे होती!”

“ती तर लागलीच आहे,” मी म्हटलं. पाठीत धपाटा बसला. हसली, पण पदर धरूनच.

दोन बाटल्या भरून तपासायला दिल्या. एक बोअरची, एक जुन्या विहिरीची. अहवाल घेऊन आम्ही पुन्हा मावशीकडे गेलो. विहीर ठीक निघाली आणि बोअरचं फ्लोराइड हद्दीबाहेर. मग आईने बोटांवर हिशोब केला. तिचे दात आले तेव्हा गावात बोअर नव्हताच, सगळे विहिरीचं पाणी प्यायचे. मावशी जन्मली तेव्हा बोअर दारात आला होता. आई उठून बहिणीजवळ बसली. मग म्हणाली, “घासत होतीस वं तू.” इतकंच. मावशीने आईची हनुवटी धरून हलवली.

यंदा आमचा बडग्या म्हणजे एक हातपंप होता. मावशी चार दिवस आधी येऊन चिकटवायला बसली. मिरवणुकीच्या सकाळी पाहते तर हातपंपाच्या तोंडावर माझ्यासारखा जाड चष्मा!

“हे काय?”

“न इचारता बोलणाऱ्याचा बी बडग्या पाह्यजे ना वं!”

हातगाडीवर तीच उभी राहिली. पुतळा डुगडुगत होता, म्हणून दोन्ही हातांनी दांडा धरून. पोरं ओरडली, “बोअरचं फ्लोराइड घेऊन जा गे मारबत!” आणि मावशी हसली. हात गुंतलेले, पदर खांद्यावर, सगळे डाग उन्हात. ढोलाच्या वर तिचं हसणं ऐकू येत होतं. मी गाडी ढकलत होते आणि रडत होते, आणि मजा येत होती.

आता तुम्ही. हे वाचून झालं की उठा. स्वच्छ बाटली घ्या, तुमच्या बोअरचं पाणी भरा आणि फ्लोराइडसाठी तपासायला द्या. अहवाल हाती येईपर्यंत कोणाच्याही दातांकडे बोट दाखवू नका.