कोटोरच्या पायऱ्या उतरताना

निखिलचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरच्या ब्युओना व्हिस्टा स्टेशनवर ट्रेनमधून उतरत होते. निखिल म्हणजे माझा आधीचा नवरा. आमचा घटस्फोट होऊन पाच वर्षं झाली. तो यिशुनला राहतो, मी तोआ पायोहला, आणि आमच्यात जे काही बोलणं होतं ते आमच्या मुलीच्या, ईराच्या शाळेबद्दल, तेही मेसेजवर. तो फोन कधी करत नाही. त्यामुळे त्याचं नाव दिसलं तशी मी फलाटावरच बाजूला झाले. "आई गेली," तो म्हणाला. "चहा टाकायला उठली आणि ओट्यापाशीच... मावशीचा फोन आला आत्ता." मी "बरं" म्हणाले. अशा वेळी माणूस काय म्हणेल त्याचा नेम नसतो. तो म्हणाला, "आम्ही दुपारच्या विमानानं निघतोय. तू?" आम्ही म्हणजे तो आणि त्याची बायको. त्यांच्या शेजारी पाच तास बसून जाण्याचं त्राण माझ्यात नव्हतं आणि ईराची परीक्षाही चालू होती. मी येते मागून, एवढंच म्हटलं.

मग मी ऑफिसला गेले. सांगायला लाज वाटते, पण गेले, मीटिंगमध्ये बसले, बोललेसुद्धा. दुपारी रजेचा अर्ज भरायला घेतला. जवळचं माणूस गेल्यावर मिळणाऱ्या रजेसाठी आमच्याकडे नात्यांची एक यादी आहे, त्यातलं एक निवडायचं. आईवडील, नवरा, मुलं, भावंडं, सासूसासरे... मी ती यादी दोनदा वर-खाली केली आणि शेवटी आपली साधी वार्षिक रजा टाकली.

तर त्या माझ्या सासूबाई होत्या आणि नव्हत्याही. नलिनी शेंडे. कराडच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. सगळ्या गावाच्या त्या शेंडेबाई. लग्न झाल्यापासून मी त्यांना आई म्हणायचे आणि घटस्फोटानंतर काय म्हणायचं हा प्रश्न मला पडला, त्यांना पडला नाही. कागदांवर सह्या झाल्या त्याच वर्षी त्या सिंगापूरला आल्या, आठ दिवस यिशुनला निखिलकडे राहिल्या आणि नवव्या दिवशी बॅग घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. "उरलेले तीन आठवडे इथे," म्हणाल्या. "तुझी हरकत असेल तर आत्ता सांग, बॅग उघडण्याआधी." माझी हरकत नव्हती. खरं सांगायचं तर त्या दिवसांत हरकत घेण्याइतकीही ताकद माझ्यात उरली नव्हती. सकाळी उठून ईराचा डबा, ट्रेन, वन-नॉर्थमधलं ऑफिस, परत ट्रेन, आणि घरी आल्यावर भाड्याच्या फ्लॅटमधल्या त्या परक्या भिंती. आई आल्या आणि निदान कुकरची शिट्टी दुसरं कुणीतरी मोजू लागलं.

अ‍ॅड्रियाटिक समुद्र बघायचं खूळ त्यांचंच. चुनखडीच्या प्रदेशात पाणी दगड कसा पोखरतं, गुहा कशा होतात, नद्या जमिनीखाली कशा गडप होतात हे त्यांनी फळ्यावर चित्रं काढून काढून शिकवलं होतं. नकाशात इटलीच्या उजवीकडचा तो अरुंद समुद्र मुलींकडून निळा रंगवून घेतला होता. "एकतीस वर्षं शिकवलं आणि स्वतः पाहिलं काय, तर कोयनेचा काळा दगड," असं त्या हसत म्हणायच्या. एकदा ईरानं विचारलं, "आज्जी, then why you don't just go?" आणि आई माझ्याकडे बघायला लागल्या.

तीन वर्षांपूर्वी जूनच्या सुट्टीत आम्ही गेलो. आई त्र्याहत्तर वर्षांच्या, ईरा अकरा, मी त्रेचाळीस. त्या समुद्राच्या काठाकाठानं झादर, स्प्लिट, डुब्रॉवनिक आणि शेवटी सीमेपलीकडचं कोटोर. मी ती सहल ऑफिसच्या कामासारखी आखली होती. कुठल्या गावात किती वाजता पोचायचं, कुठलं चर्च, कुठला बुरूज, जेवणाला किती वेळ. एकटी बाईसुद्धा मुलीला युरोप दाखवू शकते, हे मला कुणाला तरी दाखवून द्यायचं होतं. कुणाला, ते विचारू नका. आई बिचाऱ्या माझ्या तक्त्याप्रमाणे चालत राहिल्या, पण त्यांचं लक्ष भलतीकडेच असायचं. स्प्लिटमध्ये एका रोमन बादशहाचा जुना राजवाडा आहे. त्याच्या भिंतींच्या आतच लोकांनी घरं केलीत आणि संसार थाटलेत. मी ईराला खांब दाखवत होते, आई मात्र वर दोरीवर वाळत घातलेल्या चादरी बघत होत्या, मग खाली वाकून पायाखालच्या फरशीवरून हात फिरवत होत्या. "वृंदा, हात लावून बघ. लोकांच्या पायांनी काचेसारखा झालाय. हा मऊ दगड, गं. आपल्याकडचा असता तर पायच झिजले असते." मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "आई, चला, साडेअकराला आत जायचंय." त्या निमूट उठल्या. आज ते आठवलं की वाटतं, पाच मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं?

डुब्रॉवनिकचा तट फिरायला आम्ही गेलो ते नेमके भर दुपारी. तक्त्यात दुपारच होती. तो तट एकाच दिशेनं चालायचा असतो. एकदा वर चढलात की मागे फिरता येत नाही, मागून माणसं येतच असतात. खाली सगळं गाव लाल कौलांचं. आई ईराला सांगत होत्या की फिकी कौलं जुनी, भडक लाल कौलं तीसेक वर्षांपूर्वीच्या युद्धात छपरं उडाल्यावर नव्यानं घातलेली. ईरा म्हणाली, "Wah, so many new ones." आई तिथे जरा टेकल्या, छत्री बंद केली आणि स्वतःशीच बोलल्यासारखं बोलून गेल्या, "मोडायला वेळ लागत नाही. त्या दिवाळीत निखिलनं मला सांगितलं तेव्हा हेच म्हटलं मी त्याला..."

मी विचारलं, "कुठल्या दिवाळीत?"

त्यांनी छत्री पुन्हा उघडली. मला उत्तराची गरजच नव्हती. निखिलच्या आयुष्यात दुसरी बाई आहे हे मला कळलं ते एका जुलैमध्ये. त्याच्या आधीची दिवाळी आम्ही तिघांनी कराडला केली होती. म्हणजे आठ महिने. ते आठ महिने आई मला रोज फोन करायच्या. आज काय केलंस, ईराचा खोकला कसा आहे, तुझी कंबर कशी आहे. "आई, तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "हो." एवढंच. मागून एक माणूस नम्रपणे म्हणाला, जरा पुढे सरकता का? आम्ही पुढे सरकलो. मागे जाता येत नव्हतं, खाली उतरायचा जिना अजून अर्ध्या तटापलीकडे होता, आणि समुद्र इतका सुंदर दिसत होता की मला त्याचासुद्धा राग आला.

दुसऱ्या दिवशी बसनं कोटोरला निघालो. सीमेवर गाड्यांची रांग लागली होती. दोन तास बस जागची हलली नाही. आई खिडकीशी, मी कडेला, ईरा मधे. शेवटी ईरा म्हणाली, "Why nobody talking? So scary lah." मी म्हटलं, दमलोय, बाळा. ते खोटं नव्हतं. पुढे खाडी लागली, दोन्ही बाजूंना सरळ उभे डोंगर, आणि बसमधल्या गाइडनं माइकवर सांगितलं की हा दक्षिण युरोपातला फ्योर्ड. आता हे चूक आहे हे आईंनी ईराला सिंगापूरलाच बजावून ठेवलं होतं. फ्योर्ड हिमनदी कोरते, ही तर बुडालेली नदीची दरी. एरवी त्या हात वर करून उभ्या राहिल्या असत्या. ईरा अपेक्षेनं त्यांच्याकडे बघत होती. आई खिडकीबाहेर बघत राहिल्या. शेंडेबाईंनी भूगोलाची चूक सोडून दिली, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

कोटोरचं जुनं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि त्याचा तट डोंगरावर नागमोडी चढत गेलाय. वर किल्ला. हजाराच्या वर पायऱ्या, बऱ्याचशा फुटलेल्या. आईंचे गुडघे केव्हाचे गेलेले, तेव्हा त्यांनी खाली चौकात बसायचं हे आधीच ठरलं होतं. ईरालाही चढायचं नव्हतं. ती तिथल्या मांजरांमागे होती, त्या गावात मांजरंच मांजरं. मी एकटी चढले. वाटेत कुठेही न थांबता, कुणावर तरी सूड उगवल्यासारखी चढले. अगदी वर जाऊन बुरुजावर बसले आणि तिथे मला रडू आलं. निखिलसाठी नव्हे. त्या आठ महिन्यांतल्या फोनांसाठी. तेवढे फोन मी खरे धरून चालले होते.

उतरताना अर्ध्या वाटेवर एक लहानसं चर्च लागतं. त्याच्या ओट्यावर आई बसल्या होत्या. चपला काढून शेजारी ठेवलेल्या, चेहरा लालबुंद, आणि ईरा त्यांना माझ्या टोपीनं वारा घालत होती. "She don't want to stop," ईरा मला म्हणाली. "I tell her already." मी ओरडलेच, "आई, वेड लागलंय का तुम्हाला? काही झालं असतं म्हणजे?"

त्यांना धाप लागली होती. जरा वेळानं म्हणाल्या, "तुला वाटत असेल मी मुलाची बाजू घेतली. तसं नव्हतं गं. मला वाटलं, त्याचं डोकं ठिकाणावर येईल, आणि नाहीच आलं तर... मी सांगितलं त्या दिवशी तू जाशील. जितके दिवस लांबतंय तितके दिवस तू आहेस, एवढाच माझा स्वार्थ. चुकलं माझं. फार चुकलं."

"मला आत्ता काही बोलायचं नाही, आई."

"नको बोलूस. उत्तर मागायला नाही आले मी. सांगायला आले."

मग आम्ही उतरायला लागलो. चढणं त्यांना कसंबसं जमलं होतं, पण उतरताना गुडघा वाकेना. मी एक पायरी खाली उभी राहायचे, त्या माझ्या खांद्यावर दोन्ही हात ठेवायच्या, एक पाय खाली, मग दुसरा पाय. मग मी पुढची पायरी. ईरा मागून त्यांची पर्स आणि चपला घेऊन. लोक बाजूनं उतरून जात होते. दीड-दोन तास लागले असतील. तेवढ्या वेळात मी "सांभाळा", "इथे निसरडं आहे", "थांबा जरा" याखेरीज एक शब्द बोलले नाही. खाली पोचलो तेव्हा आधी चौकातल्या पायरीवर बसून घेतलं. पुढची सगळी ठिकाणं मी रद्द केली आणि दोन दिवस आम्ही नुसत्या खाडीच्या कडेला बसून राहिलो. बोलणं हळूहळू सुरू झालं, पाण्याचं, जेवणाचं, मांजरांचं. त्या विषयाचं मात्र नाही.

त्यानंतर त्या दोनदा सिंगापूरला आल्या. रोज फोन व्हायचे. मी त्यांना कधीच म्हटलं नाही की जाऊ द्या, आई, झालं ते झालं. मनातला राग केव्हाच विझला होता, पण म्हणायचं राहून गेलं. निवांत वेळ मिळाला की म्हणू, असं वाटायचं. निवांत वेळ कुणाला मिळालाय?

ईराचा शेवटचा पेपर झाला आणि तिला घेऊन मी कराडला पोचले तो तिसरा दिवस होता. घर माणसांनी भरलेलं. निखिलच्या बायकोनं मला चहा आणून दिला, मी घेतला, दोघींनी एकमेकींकडे नीट बघितलं नाही. आईंच्या जुन्या विद्यार्थिनी, त्याही आता साठीच्या, एकेक करून येत होत्या. त्यातल्या एकीनं मला विचारलं, "तुम्ही बाईंच्या कोण?" मावशी, म्हणजे आईंची धाकटी बहीण, शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "ही वृंदा." त्या बाई लगेच म्हणाल्या, "हां, डोंगरावरची!" आणि मग त्यांनीच मला माझी हकिकत सांगितली. बाईंनी गावभर सांगितलं होतं म्हणे, परदेशात एका किल्ल्यावरून सुनेनं मला पायरी पायरीनं खाली आणलं. त्या गेल्यावर मावशी हळूच म्हणाली, "तिथून आल्यावर नलूताईनं मला सगळं सांगितलं. म्हणाली, वृंदा काही बोलली नाही, पण मला टाकून पुढेही गेली नाही. ती त्यावर समाधानी होती, गं. तू आता जिवाला लावून घेऊ नकोस." मी मान हलवली. पण जिवाला लागलेलं असं सांगून सुटत नाही.

परत येऊन सहा आठवडे झाले. आमच्या मजल्यावर दारांसमोरून सामायिक कॉरिडॉर जातो. शेजारी एक चिनी आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना इंग्रजीचे चार शब्द येतात, हिंदीचा एकही नाही. आई असल्या की पाच वाजता दोघी कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसायच्या. भाजी निवडायच्या, एक मराठीत बोलायची, दुसरी चिनी बोलीत, आणि दोघींचं छान चालायचं. मला हे ईराकडून कळायचं, कारण पाच वाजता मी कधीच घरी नसायचे. गेल्या आठवड्यात अंगात कणकण होती म्हणून लवकर आले, तर कॉरिडॉरमध्ये दोन खुर्च्या मांडलेल्या. आजी मला बघून म्हणाल्या, "Your mother, when come?"

मी त्यांना कसं सांगितलं ते मला नीट आठवत नाही. बहुधा मान हलवली, हातानं वर दाखवलं. त्यांना कळलं. पण दुसरी खुर्ची त्यांनी उचलून आत नेली नाही. मी आपली खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि त्या खुर्चीत बसले. आजींनी मांडीवरच्या घमेल्यातल्या अर्ध्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या. मी शिरा काढायला लागले. फार दमले होते मी... पण शेंगा संपेपर्यंत उठले नाही.