गणपतीच्या पाठीमागचं ग्राफिक्स कार्ड

ग्राफिक्स कार्डाला आमच्या घरात शेगडी म्हणतात. नाव आईने ठेवलं. मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात, अ‍ॅनिमेशनच्या छोट्या स्टुडिओत काम करते. घरी माझ्या टेबलाखाली जो मोठा काळा डबा आहे, त्यात ते कार्ड बसवलंय. विटेएवढं जाड, तीन पंख्यांचं, बाजारात मिळणाऱ्यांपैकी जवळपास सगळ्यात वरचं. ते चित्रं काढतं आणि तापतं. आई दार उघडून म्हणायची, "अगं बाई, शेगडी पेटवलीस वाटतं!" आणि धाडकन दार लावून घ्यायची.

एरवी मी ते अंडरव्होल्ट करूनच वापरायचे. म्हणजे कंपनीने ठरवलंय त्याहून थोडं कमी व्होल्टेज द्यायचं. काम जवळपास तेवढंच होतं, पण कार्ड कमी तापतं आणि पंखे बोंबलत नाहीत. ओव्हरक्लॉकिंग हा उलटा मामला. कार्डाला त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, त्यासाठी जास्त वीज पाजायची, आणि वाढलेला ताप बाहेर फेकायला पंखे सुसाट सोडायचे. त्यात एक नशा आहे. स्क्रीनवरचा आकडा जरासा वर सरकला तरी छाती फुगते. बघणारं कोणी नसलं तरी फुगते, मग बघणारं असलं की विचारूच नका.

आणि गेल्या गणपतीत बघणारे होते.

आमचा गणपती मूळचा गावचा, मालवणकडच्या घरातला. तिथे थोरले काका राहतात, बाबांचे मोठे भाऊ. बाबा दर वर्षी जायचे, आरतीला उभे राहायचे, नमस्कार करून परत यायचे. धाकटा भाऊ म्हणजे स्वतःच्या घरच्या गणपतीला पाहुणाच. मग काकांचे गुडघे गेले, एवढं सगळं करायला घरात माणूस उरलं नाही, तेव्हा बाबांनी धीर करून विचारलं, या वर्षीपासून मुंबईला आणू का. हे विचारायला त्यांना किती वर्षं लागली ते मला माहीत आहे, कारण ते फोनवर बोलताना उभे होते. काका म्हणाले, "आणि तुज्या मागे कोण करतला? तुका झील नाय." मुलगा नाही, हे आमच्याकडे असं सरळ तोंडावर बोलतात.

बाबा म्हणाले, "माझा चेडू करतला." माझी मुलगी करेल.

मग काका म्हणाले, "बघूया एक वर्स." एक वर्ष बघू, आणि बघायला मी स्वतः येतो. फोन ठेवल्यावर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाचच मोठं झाल्यासारखं वाटलं. त्यांचा अख्खा भरवसा माझ्यावर होता, आणि माझ्या डोक्यात तिथूनच हवा गेली.

मूर्ती शाडूचीच हवी, हा बाबांचा आग्रह. दहिसरच्या एका मूर्तिकाराकडून ते स्वतः मांडीवर घेऊन रिक्षाने आले. सजावट माझ्याकडे. मी ठरवलं, मखराच्या मागे टीव्ही लावायचा आणि त्यावर आमच्या गावचा समुद्र दाखवायचा. नुसता व्हिडिओ नाही, हं. जिवंत समुद्र, कार्डाने त्या क्षणी काढलेला. जवळ माइक ठेवायचा आणि आरतीत झांज वाजली, टाळ्या पडल्या की लाटा उंच उठल्या पाहिजेत. स्टुडिओतल्या मैत्रिणीला दाखवलं तर म्हणाली, "झकास आहे यार! पण एवढ्याशा कोपऱ्यात डबा ठेवणार आहेस तर अंडरव्होल्टच ठेव हां. लाट जरा कमी भारी दिसली तर कोण बघतंय?" मी म्हटलं, बघणारे काकाच आहेत ना.

बाबांनी मखर आणि त्यात टीव्हीखाली ठेवलेला माझा डबा बघितला आणि एकच गोष्ट सांगितली. "पेटी आतल्या खोलीत ठेव. वायर लांब घे." मी म्हटलं, "बाबा, लांब वायरने चित्र खराब होतं, तुम्हाला नाही कळणार त्यातलं." चित्र काही खराब होत नाही. मला तो डबा हॉलमध्ये हवा होता. त्याला बाजूने काच आहे, आत दिवे आहेत, आणि मखराच्या झालरीखालून त्याचा निळा उजेड पाटावर पडत होता. मला तो फार आवडला होता. बाबा "बरं" म्हणाले आणि झालर सरळ करायला लागले.

पहिल्या दिवशी आरतीला लाटा अडखळल्या. झांजा जोरात आल्या की समुद्र एक झटका खायचा. कोणाच्या लक्षातही आलं नसेल, पण मला आतून लाज वाटली, कारण काका तेव्हा टीव्हीकडेच बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अंडरव्होल्ट काढून टाकलं, वीज वाढवली, वेग वाढवला, जिथपर्यंत कार्ड कोसळत नाही तिथपर्यंत नेलं. पंखे पूर्ण सोडले. डब्याच्या मागच्या जाळीतून गरम हवेचा झोत निघायला लागला. हॉलमधला पंखा अर्थातच बंद होता. समई तेवत ठेवायची तर गणपतीत पंखा लावायचा नसतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. सगळे घामाने निथळत होते आणि वारा फक्त माझ्या कार्डाला होता. तो घेऊन ते उकळता वारा मागे फेकत होतं. मखर टीव्हीच्या पडद्यापर्यंत तिन्ही बाजूंनी कापडाने बंद, आणि मूर्तीची पाठ जाळीपासून हातभरसुद्धा लांब नव्हती.

मी दिवसभर फोनवर कार्डाचं तापमान बघत होते. तापतंय, पण चालवून घेण्यासारखं. शाब्बास, म्हणत होते मी मनात. आई दुपारी मागे हार नीट करायला गेली आणि हात झटकत बाहेर आली. "अगं, मागे चटका बसतोय. मूर्तीची पाठ गरम लागते." मी पाहुण्यांना चहा देत होते. मी खेकसले तिच्यावर, सगळ्यांदेखत. "आई, तू मागे हात नको ना घालूस! एक वायर हलली की वाट लागेल." आईने दूर्वांचं ताट उचललं आणि आत गेली. मी त्या मूर्तीला एकदा हात लावून बघायला हवं होतं. काय जात होतं माझं? पण मला तापमान फोनवर दिसत होतं ना.

संध्याकाळची आरती खरंच सुंदर झाली. हे सांगायलाही जीव कानकोंडा होतो, पण झाली. घर भरलं होतं, झांजा वाजत होत्या, आणि समुद्र एकदाही अडखळला नाही. शेवटच्या आरतीला लाट मुकुटाच्या वर गेली तेव्हा कोणीतरी "वा!" म्हणालं. काकासुद्धा मान डोलवत होते. बाबांनी मागे वळून मला शोधलं. हसत होते. तेवढ्यात गणपतीचा उजवा कान पडला.

आवाजसुद्धा फारसा झाला नाही. दूर्वांवर पडला आणि दोन तुकडे झाले. एकेक करून झांजा थांबल्या, टाळ्या थांबल्या, आणि आवाज गेल्याबरोबर मागचा समुद्र सपाट झाला. मी पुढे होऊन बघितलं तर मागून, पाठीपासून मानेपर्यंत, एक भेग आली होती. शाडू आतून ओलसर असतो. एका बाजूने सतत भाजला की तडकणारच. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं, सकाळी का कळलं नाही कोण जाणे. मी प्लग खेचला. सगळ्यांना वाटलं मी घाबरून खेचला. बाबा माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "तुझं कार्ड तर नाही ना जळलं? कामाचं आहे तुझ्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांना खुर्चीवरून उठायला वेळ लागला. ते मखरापाशी आले, मागे वाकले, कापड बाजूला केलं. अजून गरमच होतं तिथे. त्यांनी हात आत घातला आणि काढला. मग माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "चेडवाच्या हातात दिलंस, आणि काय होतला?"

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की बाबांनी पेटी आत ठेवायला सांगितली होती, आईने हात लावून बघितलं होतं, मीच ऐकलं नाही. पण माझ्याआधी बाबा बोलले. भावाशी बोलताना ते मालवणीत बोलतात. "दादा, ती पेटी थंय मियाच ठेवूक सांगलंय." मीच सांगितलं तिथे ठेवायला. "तेचा काय नाय हेच्यात. ता नको म्हणत होता." तिचा यात काही दोष नाही, ती नको म्हणत होती.

"बाबा!" मी म्हटलं.

"तू गप." ते आयुष्यात माझ्यावर ओरडले नव्हते. आताही ओरडले नाहीत, पण मी गप्प बसले. आई दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं आणि तीही गप्प होती. गणपतीच्या समोर, कापराचा वास अजून घरात असताना, माझे बाबा खोटं बोलले. मुलगी सांभाळेल हा शब्द त्यांनी दिला होता. तो मोडला तर मोडू दे, पण मुलीच्या माथी नको, म्हणून बोलले. आणि मला, खरंच सांगते, त्या वेळी आधी हायसं वाटलं. लाज मागून आली.

आमचा गणपती पाच दिवसांचा, गौरीबरोबर जाणारा. पण कान गेलेली मूर्ती ठेवता येत नाही. काका म्हणाले, आज दीड दिवसाचे जातायत, त्यांच्यातच जाऊ दे, बिल्डिंगमध्ये कोण विचारणार नाही. बाबांनी कानाचे दोन्ही तुकडे उपरण्यात बांधले. मग मूर्ती हलवण्याआधी काकांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे घरातला मोठा माणूस देवाला उभ्याने, मोठ्याने सगळं सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. सगळ्यांनी म्हणायचं असतं. एकानेही गप्प राहायचं नसतं.

काकांनी हात जोडले. आवाज जड झाला होता त्यांचा. "बा गणराया, माझ्या धाकट्या भावाच्या हातसून आज चूक घडली, ती पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. बाबा सगळ्यांत मोठ्याने.

"पुढल्या वर्सापासून तुजी सेवा मूळ घरातच करू, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

बाबांनी मान खाली घातली. मी त्यांच्या शेजारी उभी होते, त्यांचा दंड माझ्या दंडाला लागत होता. काका डोळे उघडून एकेकाकडे बघत होते, कोण म्हणालं आणि कोण नाही ते. माझ्यापाशी येऊन त्यांची नजर थांबली.

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."