रस्त्याला चिकटून बांधलेली झडी

जवळ ये गं, म्हणजे फोन जरा कानाजवळ घे. महिन्याने आठवण झाली आजीची, आणि तीसुद्धा बर्फ काढून कंबर मोडली हे सांगायला! तुझ्याकडे ते स्किड स्टीअर नावाचं छोटं मशिन आहे, पुढे बर्फ लोटायचं पातं आहे. तरी सकाळी काढलेलं दुपारी पुन्हा भरतं म्हणतेस. वाऱ्याला अडवायला वाटेच्या कडेलाच कुंपण घातलंयस, असंही म्हणालीस ना? मग ऐक.

कुवेतला मी रस्त्यांच्या कंत्राटदाराकडे टेलिफोन ऑपरेटर होते. साठ सालानंतरची गोष्ट. शाळा चौथीपर्यंतच, इंग्रजी मी त्या स्विचबोर्डवरच शिकले. रस्ता कुठे बुजला याचा फोन मला यायचा, आणि मी हसनचाचांना पाठवायचे. चाचा दापोलीकडचे. त्यांच्या ट्रॅक्टरला पुढे तिरकं पातं होतं, वाळू एका बाजूला लोटणारं. तुझ्या मशिनचा आजाच म्हण.

उन्हाळ्यात तिथे शमाल सुटतो, वायव्येचा वारा. त्या वर्षी तो थांबेचना. चाचा सकाळी रस्ता काढायचे, दुपारी तिथेच वाळूचा बांध उभा. त्या रस्त्याच्या टोकाला कामगारांचा कॅम्प होता. प्यायचं पाणी टँकरने जायचं, दुसरी सोय नाही. आदल्या दिवशी टँकर अर्ध्यातून परतला होता. कॅम्पचा क्लार्क फोनवर म्हणाला, टाकी तळाला लागली आहे, पोरांना कपाने पाणी देतोय.

चाचा म्हणाले, "बाय, आपण घराला झडी बांधतो ना पावसात? तशी बांधू रस्त्याला."

झडी म्हणजे नारळीच्या झापांचा आडोसा. कोकणात पाऊस आत येऊ नये म्हणून पडवीला घट्ट बांधतात. मला पटलंच. मीच आमच्या गोऱ्या साहेबाला जाऊन सांगितलं, आणि वर ऐटीत म्हणाले, आमच्याकडची जुनी रीत आहे. खजुरीच्या फांद्या आणल्या, माणसं लावली, आणि रस्त्याच्या अगदी कडेला झडी उभी केली. चिकटून. घराला बांधतो तशीच.

दुसऱ्या दिवशी टँकर त्या झडीपाशीच रुतला, चाकं निम्मी वाळूत. कधी नव्हे एवढी वाळू, आणि तीही झडीच्या मागे, नेमकी रस्त्यावर.

साहेब यार्डातून माझ्या टेबलापाशी आला. मला वाटलं, गेली नोकरी. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, त्याच्या गावी बर्फासाठी शेतात लाकडी पट्ट्यांचं कुंपण घालतात. पण रस्त्यापासून लांब. वारा कुंपणाला आपटला की दमतो, आणि हातातलं ओझं कुंपणामागेच टाकतो. पावसाचं तसं नसतं.

मी हे चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे झडी ह्यांच्याकडेपण असते. फक्त अंगणाच्या पार बांधतात."

मग सगळी झडी उपटली आणि वाऱ्याच्या बाजूला, वाळवंटात चांगली आत नेऊन ठोकली. साहेबही खुंट धरून उभा होता, टोपी उडाली तरी. चाचांनी पात्याने टँकरची वाट मोकळी केली, साखळी लावून तो ओढून काढला, आणि काढलेली वाळू वारा जिकडे जातो तिकडे लोटली, म्हणजे परत यायला नको. वारा होताच. पण वाळू लांब, झडीच्या पायाशी पडत राहिली.

संध्याकाळी बोर्डावर कॅम्पची लाईन लागली. क्लार्क एवढंच म्हणाला, "बहनजी, सुनिए." आणि त्याने रिसीव्हर टाकीपाशी धरला. पाणी पडत होतं. मी दुसरे फोन घेतलेच नाहीत थोडा वेळ.

चाचा गेले, साहेबाचा पत्ताही राहिला नाही. तो पाण्याचा आवाज मात्र अजून कानात आहे.

तेव्हा ते कुंपण उद्या उपट आणि लांब नेऊन घाल. आडोसा चुकीच्या जागी घातला, तर नसण्यापेक्षा वाईट. आणि हे बघ, पाणी फोनवर ऐकून बरं वाटतं, तहान भागत नाही. बर्फ सरला की ये. लवकर ये.