आरतीचे ताट आणि माझी बीट

लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, ठाऊक नाही. मराठीत एम.ए. केले ते फार पूर्वी. नंतरचे आयुष्य पोलिसांतले पंचनामे लिहिण्यात गेले. स्वतःबद्दल प्रथमच लिहीत आहे, तेही पन्नाशी उलटल्यावर. या धाडसाबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

गणपतीच्या पहिल्या दिवशीची संध्याकाळ. उत्तरेतल्या आमच्या हिंदीभाषक शहरातली नई सडकेमागची मराठी गल्ली, छोटासा मांडव. तिथला रिवाज असा की पहिली आरती बीट प्रभारीच्या हातून करवायची. बीट म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला एकेकाकडे सोपवलेला भाग. त्या पावसाळ्यात दोन चौक्या एक झाल्या, माणसे इकडची तिकडे गेली आणि ही बीट माझ्याकडे आली. मी सहायक उपनिरीक्षक.

मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त प्राध्यापक, ताट घेऊन आले. ते ताट माझ्यासमोरून पुढे गेले आणि माझ्या हाताखालच्या शिपायाच्या हाती पोचले. त्याला ठाण्यात सारे पंडितजी म्हणतात.

"ताई, तुम्ही तेवढा बंदोबस्त बघा," अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले. "गर्दी फार आहे हो."

गर्दी नव्हती. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

पंडितजीने माझ्याकडे पाहिले. "मैडम?"

मी मान हलवली. आरती सुरू झाली. मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. पाहण्यासारखी तिथे एक बंद स्कूटर होती.

कारण मला माहीत होते. काही दिवसांपूर्वी ओळख करून घ्यायला घरोघर गेले, तेव्हा माझी मराठी ऐकून अध्यक्षांच्या पत्नी हरखल्या होत्या. "अगंबाई, आपल्यातल्याच की! बसा, बसा. कुलदैवत कोणतं तुमचं?"

"आम्ही बौद्ध आहोत."

"अच्छा, अच्छा. आम्ही तसलं काही मानत नाही हो."

चहाचा विषय मग निघालाच नाही. ज्या फौजेबरोबर त्यांचे पूर्वज दख्खनेतून इथे आले, त्याच फौजेबरोबर आमचेही आले होते. हे मी सांगितले नाही. सांगून थकले आहे.

खरे तर ते ताट मला नकोच होते. आमच्या घरी आरती होत नाही. विचारले असते, तर मीच हात जोडून नाही म्हटले असते. पण नाही म्हणायचा हक्क माझा होता. तोही त्यांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी ठाणे प्रभारींनी बोलावले. "देखिए मैडम, सामुदायिक पुलिसिंग है. पब्लिक की पसंद भी देखनी पड़ती है. बीट पंडितजी को दे देते हैं, आप मालखाना संभाल लो. आराम है वहाँ."

मोहल्ला समितीच्या बैठकीत तब्येतीचे कारण सांगून मी स्वतःच बीट सोडावी, अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे कोणाचे मन दुखायला नको.

नोकरीभर मी "जी सर" म्हणत आले. कधी मालखाना म्हणजे जप्त मालाची कोठी, कधी आवक-जावक, कधी महिला डेस्क. प्रत्येक ठिकाणी आराम होता.

बैठक ठाण्याच्या आवारात भरली. साहेबांनीच सुरुवात केली, "मैडम की तबीयत आजकल..."

मी उभी राहिले. "सर, मेरी तबीयत ठीक है. बीट मैं नहीं छोड़ूँगी. हटाना हो तो आप हटाइए, और सबके सामने कारण बताइए."

साहेबांनी फाटकाकडे पाहिले. अध्यक्ष चष्मा पुसू लागले. "ताई, तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत."

"हो, लावून घेतलं," मी म्हणाले. "उद्या सकाळी गल्लीत येते."

कारण कोणी सांगितले नाही. बीट अजून माझ्याकडे आहे. काही दारे उघडत नाहीत. मी पुन्हा बेल वाजवते. बदलीचा आदेश कधीही येईल. येऊ दे. तो त्यांच्या सहीने येईल, माझ्या तोंडून नाही. कोणाच्या सोयीसाठी मी यापुढे आजारी पडणार नाही.

त्या बैठकीत सारी शिकलेली माणसे होती. माझ्या बाजूने एकही जण बोलला नाही. तुम्ही तिथे असता, तर काय बोलला असता?